वागळे इस्टेटचं बिनबोर्डाचं ब्रेकवालं गॅरेज: आमच्या कॉन्टेसाचा दगड झालेला ब्रेक इथे सुटला

आधी पत्ता सांगते, कारण बोर्ड शोधत फिरलात तर सापडणार नाही, या गॅरेजला बोर्डच नाहीये. ठाण्याला वागळे इस्टेटमधे आतल्या रस्त्यावर पावडर कोटिंगवाल्याच्या बाजूला निळं शटर आहे आणि त्या शटरवर हाताने रंगवलंय 'ब्रेक क्लच काम', बस. दोन गाड्या आत, एक बाहेर, त्याच्या पुढे जागा नाही. चालवतात ते एक साठीतले काका आणि त्यांच्या हाताखाली एक मुलगा. मी तिथे आमची कॉन्टेसा नेली होती, ब्रेक इतका कडक झाला होता की घरचे गाडी विका म्हणायला लागले होते, आणि आज तीच गाडी मी रोज चालवते. म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय. जुनी गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांना उपयोग व्हावा एवढंच.

गाडी म्हणजे १९९३ ची कॉन्टेसा क्लासिक, १.८ लिटरचं इसुझुचं पेट्रोल इंजिन. बाबांनी नवी घेतलेली, पहिल्यापासून एमएच ०४. हिंदुस्तान मोटर्सने कॉन्टेसा १९८४ मधे काढली तेव्हा तिच्यात अँबेसिडरच्या घराण्यातलं १.५ चं इंजिन होतं, इसुझुचं नंतर आलं आणि २००२ ला गाडीच बंद झाली. त्यामुळे आता कंपनीचं सर्व्हिस सेंटर वगैरे प्रकार नाही, जो मेकॅनिक मिळेल त्याच्या भरवशावर सगळं. व्हिंटेज म्हणावं तर २०२१ च्या सरकारी नियमात त्याला ५० वर्षं लागतात, म्हणजे आमची ना नवी ना व्हिंटेज, दर ५ वर्षांनी आरसी रिन्यू करून आम्ही ती रस्त्यावर ठेवलीय. बाबा आता ७४ चे आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून चालवत नाहीत, चालवते मी. पण ते शेजारी बसतात आणि गियर बदलल्याचा नुसता आवाज ऐकून सांगतात की क्लच पूर्ण दाबला नाहीस.

आता ब्रेकचं. मागच्या दिवाळीच्या आसपास जाणवायला लागलं की ब्रेक जड झालाय, आधी वाटलं माझी चप्पल, मग वाटलं सीट मागे गेलीय. विचित्र गोष्ट अशी होती की घोडबंदर रोडला ५०-६० ने जाताना पाय सोडला आणि ब्रेक मारला की ठीक लागायचा, पहिल्यासारखा मऊ, पण कापूरबावडी ते माजिवडा त्या ट्रॅफिकमधे रांगत असताना पहिल्या दाबाला ठीक, दुसऱ्याला कडक, तिसऱ्याला दगड. पेडल खालीच जायचं नाही. एसी चालू असेल तर आणखी वाईट. एका संध्याकाळी माजिवड्याच्या पुलाखाली पुढची रिक्षा एकदम थांबली, मी ब्रेक मारला, गाडी थांबेना, मग दोन्ही पाय ठेवून सगळं अंग टाकून दाबलं तेव्हा थांबली. रिक्षाच्या मागच्या काचेतून शाळेच्या युनिफॉर्ममधली एक मुलगी माझ्याकडे बघत होती. वीतभर अंतर होतं. बाबा काही बोलले नाहीत, त्यांचा हात डॅशबोर्डवर होता तो घरी येईपर्यंत तिथेच होता. टनाच्या वर वजनाची गाडी आहे ती, थांबली नसती तर काय झालं असतं हा विचार अजून पाठ सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या एका गॅरेजला टाकली, नाव घेत नाही. त्यांनी पेडल दाबून बघितलं आणि दहा मिनिटांत निकाल दिला, मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) गेलाय. बदलला. पॅड बदलले. एअर काढली, म्हणजे ब्रेकच्या लाईनमधली हवा. ११,४०० रुपये. गाडी घेऊन निघाले तर पहिल्याच सिग्नलला तेच. परत नेली तर म्हणाले मग बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) गेला असणार मॅडम, तो बदलावा लागेल, कॉन्टेसाचा मिळत नाही, दुसऱ्या गाडीचा ब्रॅकेट मारून बसवू, १५ हजार धरून चला. मी विचारलं कशावरून गेला, तर उत्तर असं की मास्टर नवीन टाकला तरी फरक पडला नाही ना, म्हणजे बूस्टरच. एक एक पार्ट बदलत जायचा आणि जो बदलल्यावर बरं होईल तो खराब होता असं म्हणायचं, ही पद्धत मला पटलीच नाही. त्यात मास्टर बदलताना ब्रेक ऑइल सांडलेलं कोणी धुतलं नव्हतं, आठवड्याभरात आतल्या पत्र्याचा रंग फुगून पापुद्र्यासारखा सुटायला लागला. ब्रेक ऑइल रंग खातं हे गॅरेजवाल्याला सांगायला लागू नये, लगेच पाण्याने धुतलं तर वाचतो. जुना मास्टर दाखवा म्हटलं तर भंगारात गेला.

या काकांचं नाव मला आमच्या बिल्डिंगमधल्या एका टेम्पोवाल्या दादांनी सांगितलं. ते म्हणाले ताई, तो माणूस आधी मोजतो मग पाना उचलतो. मला तेवढंच हवं होतं.

गेले तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. काकांनी बॉनेट उघडलंच नाही आधी. विचारलं, कधी कडक होतो, पहिल्याच दाबाला की दुसऱ्या तिसऱ्या? गाडी वेगात असताना की रांगताना? सकाळी गार असताना की गरम झाल्यावर? पेडल कडक आहे पण वर आहे, की खाली जातंय, की स्पंजसारखं? ऑइल कमी होतं का? एक्झॉस्टमधून पांढरा धूर? मी मगाशी लिहिलं ते सगळं सांगितलं, हायवेला बरा आणि ट्रॅफिकमधे दगड, तर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हे आधीच्या माणसाला सांगितलं होतं का?" सांगितलं होतं. दोनदा.

मग त्यांनी मलाच सीटवर बसवलं आणि तीन टेस्ट करून घेतल्या, या घरीसुद्धा करता येतात, गाडी सपाट जागेवर, न्यूट्रलमधे, हँडब्रेक ओढून.

पहिली अशी की इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबायचं, ते कडक होतं, मग दाबून धरायचं आणि तसंच धरून गाडी स्टार्ट करायची. बूस्टर काम करत असेल तर पेडल पायाखाली थोडं खाली जातं. आमचं गेलं, पण अगदी किंचित, आणि सावकाश. दुसरी, गाडी एक-दोन मिनिटं चालवून बंद करायची, दहा मिनिटं थांबायचं (या वेळात त्यांनी चहा मागवला) आणि मग पेडल दाबायचं. पहिले एक-दोन दाब मऊ लागले तर बूस्टरने आतला व्हॅक्यूम, म्हणजे हवा ओढून केलेली पोकळी, धरून ठेवलाय, पहिल्याच दाबाला दगड लागला तर कुठेतरी गळती आहे किंवा एनआरव्ही गेलाय. एनआरव्ही म्हणजे पाईपमधला एकाच बाजूला हवा जाऊ देणारा छोटा व्हॉल्व्ह. आमचे दोन दाब मऊ आले. तिसरी, इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरायचं, तसंच धरून इंजिन बंद करायचं आणि अर्धा मिनिट हलायचं नाही. पेडल पायाला वर ढकलायला लागलं तर बूस्टर गळतोय. आमचं जागच्या जागी राहिलं.

काका म्हणाले, "ताई, बूस्टर चांगला आहे. याला उपाशी ठेवलंय कोणीतरी."

मला हे नीट समजून घ्यायचं होतं आणि त्यांनी कंटाळा न करता समजावलं. बूस्टर म्हणजे मास्टर सिलेंडरच्या मागचा तो काळा गोल डबा. आत मधोमध रबराचा पडदा असतो. इंजिन चालू असताना मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणारी नळी) पाईपने डब्यातली हवा ओढून घेतली जाते, पडद्याच्या दोन्ही बाजूंची. आपण पेडल दाबलं की ड्रायव्हरकडच्या बाजूला बाहेरची हवा आत येते, पुढच्या बाजूला पोकळीच असते, आणि ती बाहेरची हवा पडद्याला ढकलते. म्हणजे ताकद इंजिनची नाही, बाहेरच्या हवेची. इंजिन फक्त जागा रिकामी करून देतं. मी घरी येऊन हिशोब केला, ९ इंची पडदा धरला आणि व्हॅक्यूम १८ इंच (पाऱ्याचे इंच, व्हॅक्यूम यातच मोजतात) असेल तर पडद्यावर अडीचशे किलोच्या आसपास जोर येतो. ११ इंच असेल तर दीडशेच्या आसपास. जे शंभर किलो कमी पडले ते पायाने भरायचे, लिव्हरमुळे पायावर सगळे येत नाहीत, पण जेवढे येतात तेवढे एका बाईच्या, किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या पायाला झेपणारे नाहीत.

११ हा आकडा मी उगाच नाही घेतला. काकांनी कपाटातून एक गेज काढला, पितळी कडेचा, काचेवर एक चरा, आणि तो मॅनिफोल्डच्या नळीला जोडला. म्हणाले चांगल्या पेट्रोल इंजिनला समुद्रसपाटीला आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, १७ ते २१ इंच यायला पाहिजे, सुई स्थिर. आमची सुई ११ वर. आणि हलकीशी थरथरत. मी ती सुई बघत उभी राहिले, तीन महिने मी ज्याला माझ्या पायाची कमजोरी समजत होते ते तिथे आकड्यात दिसत होतं. मग त्यांनी एक्सिलेटर थोडा दाबून एकदम सोडला, सुई झटक्यात २० च्या वर जाऊन परत खाली आली. हेच ते हायवेचं कोडं! वेगात पाय सोडला की व्हॅक्यूम भरपूर तयार होतो, एनआरव्ही तो बूस्टरमधे कोंडतो, म्हणून पहिला ब्रेक मऊ. ट्रॅफिकमधे रांगताना दोन ब्रेकमधे तो संपला की परत भरायला मिळतात फक्त ११ इंच. एसी लावला की इंजिनवर लोड येऊन तेही आणखी कमी. माझं सगळं सांगणं बरोबर होतं, ऐकणारा माणूस भेटला नव्हता.

आता गळती कुठे ते शोधायचं. त्यांनी मुलाला रस्त्यावरचं ग्राइंडिंग दोन मिनिटं थांबवायला सांगून ये म्हणून बाजूला पाठवलं आणि कान लावला. मलाही लावायला सांगितला. बारीक सूंऽऽ असा आवाज, मी कितीतरी महिने तो फॅनचा समजत होते. मग पकडीवर फडकं गुंडाळून बूस्टरचा पाईप मॅनिफोल्डच्या जवळ चिमटला आणि इंजिनचा आवाज लगेच बदलला, आरपीएम वर गेला. सुई ११ वरून १६. सोडला, परत ११. चिमटला, १६. तीनदा दाखवलं. एक रुपयाचा पार्ट न बदलता.

पाईपच्या मधे एक प्लास्टिकचा टी-जॉइंट निघाला. बाबांनी मधे काही वर्षं एलपीजी किट लावलं होतं, त्याच्यासाठी व्हॅक्यूमची लाईन इथून काढली होती, पुढे किट काढलं तेव्हा ज्याने काढलं त्याने टी तसाच ठेवला आणि उघड्या तोंडात एक स्क्रू कोंबून वरून टेप गुंडाळला. ती टेप इंजिनच्या गरमीने वाळून बिस्किटासारखी झाली होती, स्क्रूच्या बाजूने टी ला केसाएवढी चीर, नख फिरवलं तर लागायची, डोळ्याला दिसायची नाही. तो टी आता माझ्या टेबलावर आहे. काकांनी स्वतःहून पिशवीत घालून दिला, म्हणाले जुना माल गिऱ्हाइकाचा.

यात आणखी एक गोष्ट कळली. बाहेरची हवा तिथून आत जात होती म्हणून इंजिन आयडलिंगला मिसिंग करायचं, आणि ते लपवायला कोणीतरी कधीतरी आयडलिंगचा स्क्रू पिळून ठेवला होता आणि मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) केलं होतं. म्हणजे दोन वर्षं पेट्रोल जास्त खातेय म्हणून आम्ही कार्बोरेटरला दोष देत होतो त्याचं मूळही हेच. बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ गप्प बसले. किट त्यांनी माझ्या कॉलेजच्या फीच्या वर्षांमधे लावलं होतं, पेट्रोल परवडत नव्हतं म्हणून. तेव्हा त्यांनी गाडी विकली नाही, गॅसवर चालवली.

टी काढून सरळ पाईप जोडला, चक्कर मारली, फरक चांगला होता पण काकांचं समाधान नाही. दोन ब्रेक पटापट मारले की दुसरा अजून थोडा कडक. मला आत बसवून इंजिन चालू ठेवून पेडल मारत राहायला सांगितलं आणि स्वतः टॉर्च घेऊन पाईपकडे बघत राहिले. मग मला बोलावलं, मुलगा आत बसला, मी बघितलं. शहाळं संपत आल्यावर जोरात ओढलं की कागदी स्ट्रॉ कसा चपटा होऊन चिकटतो, तस्सा तो पाईप वळणावर चपटा होत होता. कोणीतरी साधा पातळ पाईप टाकलेला, बाहेरून एकदम ठणठणीत. व्हॅक्यूम कमी होता तोवर तो टिकत होता, आता खरा जोर आल्यावर बसायला लागला, गरम झाल्यावर जास्तच. व्हॅक्यूमला जाड भिंतीचा पाईप लागतो, आत दोऱ्याची वीण असलेला, पेट्रोलचा किंवा पाण्याचा कुठलाही कापून लावला की असं होतं. नवीन पाईप, दोन्ही टोकांना नवीन क्लॅम्प. एनआरव्ही काढून तोंडाने फुंकून बघितला, एका बाजूने हवा जाते, दुसऱ्या बाजूने नाही, चांगला आहे, परत लावला. चांगल्या पार्टला चांगला म्हणणारा मेकॅनिक, मला इथेच विश्वास बसला.

शेवटी टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते ते. सुई १६ वर स्थिर होती पण काका म्हणाले दीड-दोन इंच अजून आहेत यात. टायमिंग लाईट लावून पुलीवरची खूण बघितली, टायमिंग मागे होतं, डेल्को (प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) जरासा फिरवला, मग आयडलिंगचा स्क्रू परत जागेवर आणला, मिक्श्चर सेट केलं. सुई १८. गाडीचा आवाजच बदलला, बाबा आले असते तर डोळे मिटून ओळखलं असतं. ब्रेकसाठी टायमिंग बघावं लागतं हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

काकांनी विचारलं घाटात नेता का. बाबांना एकदा महाबळेश्वरला न्यायचंय असं म्हटलं, तर म्हणाले मग हा आकडा लक्षात ठेवा, दर हजार फुटाला इंचभर कमी होतो. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर, म्हणजे तिथे चांगल्या गाडीचीही सुई चार इंच तरी खाली असणार. इथे ११ वाली गाडी वर नेली असती तर काय उरलं असतं ते तुम्हीच बघा. आणि उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमधे सोडायची पूर्वी कित्येकांना सवय होती, ती अजिबात नको, बंद इंजिनात बूस्टरकडे दोन-तीन ब्रेकपुरताच साठा असतो. दुसऱ्या गियरमधे पाय सोडून उतरलं की उलट व्हॅक्यूम भरपूर मिळतो.

दुसऱ्या दिवशी चाकं काढली, कारण आता ब्रेक जोरात लागल्यावर गाडी किंचित डावीकडे ओढायला लागली होती. पुढचा उजवा कॅलिपर (पॅड चाकाच्या चकतीवर दाबणारा भाग) अडकत होता, पिस्टनवर गंज. आधीच्या गॅरेजने टाकलेले नवीन पॅड काचेसारखे चकाकत होते, हात फिरवला तर गुळगुळीत, अगदी हलका माल. काका म्हणाले पॉलिश पेपर मारून देतो पण महिन्याभरात परत तेच, बदला. कॅलिपरचं सील किट त्यांच्याकडे नव्हतं आणि कॉन्टेसाचं ठाण्यात मिळणं कठीण, म्हणून त्यांनी जुनं सील माझ्या हातात दिलं, व्हर्नियरने माप कागदावर लिहून दिलं आणि मी ठाण्याहून दादर, दादरहून चर्नी रोड करून ऑपेरा हाऊसच्या स्पेअर मार्केटला गेले. पहिल्या दिवशी मिळालं ते मापात नाही निघालं, दुसऱ्या दिवशी परत. दोन दिवस लोकलमधे गेले पण मिळालं. सील बसवलं, पॅड चांगले टाकले, मागचे ड्रम उघडून साफ करून अॅडजस्ट केले, सगळं ब्रेक ऑइल काढून सीलबंद डब्यातलं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा ग्रेड) भरलं. आधीच्यांनी मास्टर बदलला तरी चाकापर्यंतच्या लाईनमधलं ऑइल जुनंच होतं, चहाच्या रंगाचं निघालं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, नवीन डॉट ४ किमान २३० डिग्रीला उकळतं आणि पाणी मुरलेलं १५५ पर्यंत खाली येऊ शकतं, घाटात तापल्यावर आत वाफ झाली की पेडल सरळ खाली. आपल्याकडे पावसाळ्यात हवा किती ओली असते ते वेगळं सांगायला नको, दोन वर्षांनी बदलायचंच.

ट्रायल त्यांनी येऊरच्या रस्त्यावर घेतली. उपवनच्या बाजूने वर, मग उतार. जाताना ते चालवत होते, येताना मला म्हणाले तुम्ही चालवा, पाय तुमचा आहे. पहिल्या वळणाला सवयीने जोरात दाबला तर गाडी जागेवर थांबली आणि आम्ही दोघं पुढे गेलो. मग मी हळू शिकले, पायाच्या बोटांनी, जेमतेम वजन टाकून. उतार संपेपर्यंत माझ्या पोटरीत जराही ताण नव्हता आणि मला तिथे गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं थांबावं लागलं, रडू येत होतं. काका खिडकीतून बाहेर बघत बसले, काही बोलले नाहीत.

आता पैशाचं. पहिल्या दिवसाचं काम म्हणजे तपासणी, पाईप, क्लॅम्प, टायमिंग सगळं धरून १,८५० रुपये. दुसऱ्या टप्प्याचं कॅलिपर, ड्रम, ऑइल बदलून एअर काढणे, पॅड धरून ४,२००, सील किट मी आणलेलं वेगळं. म्हणजे दोन्ही मिळून ६,०५०, आणि आधीचे ११,४०० जे गेले ते गेले.

खटकलेल्या गोष्टीही लिहिते, कारण नुसतं कौतुक वाचून जाल आणि मग मला बोल लावाल. फोन उचलत नाहीत, हात ऑइलचे असतात. व्हॉट्सअॅपवर फोटो, अपडेट, काही नाही, स्वतः जाऊन उभं राहायचं. बिल साध्या कागदावर पेनने, जीएसटीवालं बिल हवं असेल तर इथे नाही. बसायला एक स्टूल, त्यावर बहुतेक वेळा पान्यांचा ट्रे असतो, आणि बाईमाणसाला टॉयलेटची सोय अजिबात नाही, मी बाहेर मेन रोडच्या हॉटेलात जात होते. सांगितलेली वेळ पाळत नाहीत, दोन दिवस म्हणाले आणि पाच लागले, त्यातले दोन माझ्या किटचे होते ते सोडा. एबीएसवाल्या नव्या गाड्या घेत नाहीत, सरळ सांगतात की ते मशीन माझ्याकडे नाही. आणि घाई केलेली त्यांना चालत नाही, एक जण शेजारी उभा राहून 'लवकर करा' म्हणत होता तर त्याला म्हणाले ब्रेकचं काम आहे, उद्या या.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या टॉयलेटचा आणि वेळेचा कापला.

एक लक्षात घ्या, तुमच्या गाडीचा ब्रेक कडक झाला म्हणजे आमच्यासारखा टी-जॉइंटच असेल असं नाही. ऑइल कमी होतंय आणि बाहेर कुठे गळती दिसत नाही, वर धूर पांढरा, तर मास्टरच्या मागच्या सीलमधून ऑइल बूस्टरमधे जात असेल, तिथे पडदा कुजतो आणि मग बूस्टर खरंच बदलावा लागतो. पेडल स्पंजसारखं असेल तर एअर आहे. पाय ठेवून उभं राहिलं की हळूहळू खाली जात असेल तर मास्टरचं सील. डिझेल गाडी असेल तर व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून येत नाही, वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, तो तपासायचा. हे सगळं काकांनी चहा पिता पिता सांगितलं, मी मागच्या बिलाच्या कागदावर लिहून घेतलं होतं.

जायचं असेल तर सकाळी साडेनऊच्या आधी पोहोचा, बाहेरची एकच जागा असते. शक्यतो गाडी आदल्या संध्याकाळी ठेवून या, गार इंजिनला पहिली टेस्ट त्यांना स्वतः करायची असते. रविवारी बंद. शनिवारी दुपारनंतर नवीन काम घेत नाहीत. येत्या शुक्रवारी आमची परत जाणार आहे, हँडब्रेकची केबल ओढायचीय, आणि या वेळी बाबा पण येतायत, त्यांना तो गेज बघायचाय.